मधली तेरा बटणं

"डिझायनर म्हणजे माणसाच्या देहावर लिहिणारा कवी!" इंदूबाईंनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं. सभेला फक्त कूलर हजर होता. वक्त्याची पाठ उघडी होती आणि ती काही केल्या झाकली जात नव्हती.

ब्लाउजला मागे एकोणीस बटणं होती. वाटाण्याएवढी, कापडाने मढवलेली, प्रत्येकाला दोऱ्याचा नाजूक फासा. हात खालून नेऊन इंदूबाईंनी चार लावली. वरून नेऊन दोन लावली. मधली तेरा राहिली. चौसष्टाव्या वर्षी तिथे आपला हात पोचत नाही. ब्लाउज उलटा घालायचा, बटणं पुढून लावायची आणि मग गर्रकन फिरवायचा, असाही प्रयोग झाला. बाह्यांनी तो हाणून पाडला.

पाच वाजून गेले होते. खाली ऑटो उभा होता. शो सहाला होता.

इंदूबाईंनी पोस्टात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लावली. निवृत्त झाल्यावर त्या स्वतः पत्रं लिहू लागल्या, तीही फक्त डिझायनरांना. मुंबई, दिल्ली, थेट पॅरिस. 'आपल्या करड्या कोटाची बाही फार आवडली. कॉलरचा फेरविचार व्हावा.' उत्तर एकाचंही आलं नाही. इंदूबाईंनी मनाला लावून घेतलं नाही. मोठी माणसं कामात असतात.

आणि गेल्या आठवड्यात मेघाचं पार्सल आलं. मेघा जवळच्या कुही गावची, नागपुरात शिकलेली. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रदर्शनात तिचा एक कुर्ता पाहून इंदूबाईंनी तिला चार पानं लिहिली होती. मुद्दा नीट समजावा म्हणून उदाहरणादाखल स्वतःची मापंही दिली होती. पार्सलमध्ये हा ब्लाउज निघाला, आणि एक चिठ्ठी. 'मावशी, माझ्या कामाबद्दल आलेलं पहिलं पत्र तुमचं. वर्धा रोडवरच्या हॉटेलात माझा पहिला शो आहे. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली आहे. हा घालून या. तुम्ही दिसल्या की मगच मी स्टेजवर येईन.'

कपाटात पुढून हुकांचा पांढरा ब्लाउज होता. इंदूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडे सुरू झालं. खर्र, खर्र, खर्र.

ही कांताबाई. शेजारचा फ्लॅट, मधे एकच भिंत, आणि सात वर्षांचा अबोला. कांताबाईंच्या मिनलच्या रिसेप्शनला इंदूबाईंनी नवरीचा लेहंगा बारकाईने पाहिला होता आणि चारचौघींत मत दिलं होतं, "सोफ्याचं कव्हर." लेहंगा कांताबाईंनी स्वतः पसंत केला होता. मिनल पुण्याला गेली, अबोला इथेच राहिला. गेले चार महिने इंदूबाई दुपारी मोबाइलवर फॅशन शो लावून बसल्या की पलीकडून ही खर्र-खर्र चाले. हा निषेध आहे, हे इंदूबाईंनी ओळखलं होतं. त्या आवाज वाढवून उत्तर देत.

खाली ऑटोवाल्याने हॉर्न दिला. इंदूबाईंनी पाठीवरून पदर गुंडाळला आणि शेजारची बेल दाबली.

खर्र-खर्र थांबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. कांताबाई गाऊनमध्ये होत्या, एक हात कमरेवर.

"काहून?" सात वर्षांनी आलेला पहिला शब्द.

इंदूबाई पाठमोऱ्या झाल्या आणि पदर खाली सोडला. "बटनं लावून दे वं कांता. मधली. हात नाही पुरून राहिला."

कांताबाईंनी पाठ नीट न्याहाळली. घाई अजिबात केली नाही.

"हे कोन्या सोफ्याचं कव्हर होय वं?"

हे येणं होतंच.

"चाल, आत ये. सारी बिल्डिंग पाहीन." कांताबाईंनी दार लोटलं आणि पहिलं बटण फाशात सरकवलं. "मांगून बटनं कायले लावते वं कोनी?"

"मोठे डिझायनर मांगूनच लावतात."

"त्यायच्या घरी मानसं असतीन."

इंदूबाईंना यावर काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. बाही, कॉलर, शिवण, अस्तर, त्यांनी आजवर सगळ्यांवर मतं दिली होती. बटणं लावायला घरात कुणी लागतं, हे मात्र एकाही पत्रात लिहिलं नव्हतं.

कांताबाईंची बोटं गार होती. एक बटण, दुसरं, तिसरं. सात वर्षांत इंदूबाईंच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. आठव्या बटणाला त्यांनी डोळे मिटले. तेराव्याला वाटलं, एकोणीस कमीच पडली, अजून हवी होती.

"शिवन चांगली हाय," कांताबाई शेवटी म्हणाल्या. मग शेवटचा फासा सारखा करत, "मिनलचा लेहंगा खरंच तसाच होता. म्या बी फोटोत पाह्यला मंग."

खाली हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. इंदूबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि मान ताठ करून दाराकडे निघाल्या. पहिली रांग, पहिली खुर्ची, नागपूरच्या फॅशनचा एक मोठा दिवस.

"थांब वं इंदू."

कांताबाईंनी टीव्हीवरची मलमाची डबी इंदूबाईंच्या हातात दिली, पाठ वळवली आणि गाऊन खांद्यावरून थोडा खाली ओढला. पाठीच्या मधोमध कातडी लाल झाली होती, सोलवटली होती. भिंतीचा पांढरा चुना अजून तिथे चिकटलेला होता.

"चार महिने झाले खाज सुटून, भिंतीले घासून घासून थकली मी. दोन मिनिटं हे मलम लावून दे. मले बी तेथपर्यंत हात नाही पुरत."