इंटरव्ह्यूची रंगीत तालीम

मॅजिस्ट्रेट व्हायला इकडे इंग्लंडमध्ये वकिली शिकलेलं असावं लागत नाही, साधी सचोटीची माणसं घेतात, हे कळल्यापासून हेरंबने बायकोच्या, ऋजुताच्या मागे धोशा लावला होता. "आमच्या फार्मासिस्टबाई आता कोर्टात न्याय देणार!" असं हॅरोच्या मराठी मंडळात त्याने सांगूनसुद्धा टाकलं होतं.

इंटरव्ह्यू उद्यावर आला, तसा तो स्वतःच पॅनल होऊन डायनिंग टेबलाशी बसला. शनिवारपासून तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ती उजवा कान त्याच्याकडे करून बसली. जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवू या का, असं तिने विचारलं होतं. पण "ते लोक उगाच नाही नाही ते विचारत बसतात," असं त्याचं म्हणणं पडलं.

दोन्ही बाजू कशा ऐकून घ्याल, सहकाऱ्यांशी मतभेद झाला तर काय कराल, सगळ्याची उत्तरं तिने चोख दिली. हेरंब खूश झाला.

"आता शेवटचा प्रश्न. हा सगळ्यांनाच विचारतात. तुमच्या घरात असं काही आहे का, जे बाहेर कळलं तर कोर्टाची नाचक्की होईल?"

ऋजुताने खाली बघितलं.

"नाही."

हेरंबने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.



"पुन्हा म्हण. आणि 'नाही' म्हणताना हात कानाकडे नेऊ नकोस."