पालथं काम

हनिया पोचली तेव्हा कारखान्यातली माणसं तक्त्याभोवती उभीच होती. फेझ शहराच्या त्या गल्लीत, फरशीवाल्यांच्या कारखान्यात, बाई सहसा पाऊल टाकत नाही. मालक सी तिजानींनी तिला सलाम केला आणि मग कुठे बघावं ते न सुचून जमिनीकडे बघितलं. तिचा नवरा अल्लाल, तिथला मालेम म्हणजे मुख्य कारागीर, भिंतीला टेकून तिचीच वाट बघत होता.

झिलीजचं, म्हणजे फरशीच्या तुकड्यांच्या नक्षीचं, काम पालथं असतं. रंगीत तुकडे, काही तर नखाएवढे, रंगाची बाजू खाली करून जमिनीवर एकाला एक भिडवत न्यायचे. वरून दिसते ती नुसती भाजकी माती. नक्षी मालेमच्या डोक्यात. शेवटी वर चुना ओतायचा, सुकू द्यायचा आणि सगळा तक्ता उचलून उभा करायचा. आपण काय केलंय ते तेव्हा कळतं. अल्लालची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. तुकड्यांचे ढीग ठरल्या जागी असत, हात बरोबर तिकडे जाई, आणि पालथ्या कामाने त्याचं आंधळेपण बऱ्यापैकी झाकून ठेवलं होतं.

कारखान्यात सगळ्यांना ते माहीत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? अल्लालने काम कसं झालंय विचारलं की 'तबारकल्ला' म्हणून कौतुक करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्या एका शब्दाची अल्लालने धास्ती घेतली होती. चूक झाली तर काम सोडायची त्याची तयारी होती. चूक झाल्याचं आपल्याला कुणी सांगायचंच नाही आणि तक्ता लागणार त्या मशिदीसमोरच्या पाणपोईवर ती कायमची बसायची, ही कल्पना मात्र त्याला सहन होत नव्हती. तोंडावर खरं बोलणारं माणूस त्याला अख्ख्या फेझमध्ये एकच ठाऊक होतं. हनियाने लग्न झाल्यापासून कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. शेजारणीचं हरीरा सूप नाही, जावई नाही, ईदचा मेंढासुद्धा नाही.

अडचण एवढीच, की तिला नक्षी बघता येत नव्हती.

म्हणून महिनाभर तो तिला घराजवळच्या जुन्या, झिलीजने मढवलेल्या पाणपोईसमोर उभी करत होता. पाणी भरणाऱ्या बायका विचारायच्या, मालेम, हिला कसली शिक्षा? पहिल्या दिवशी त्याने विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, चांदण्या. "चांदण्या गाढवालाही दिसतात," तो म्हणाला. "दोन चांदण्यांच्या मधे काय आहे ते बघ." मधे भिंत आहे, आणि घरी मसूर निवडायचे पडलेत, असं तिने ऐकवलं. रोज हेच. मग एकदा ती एकटीच पाण्याला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती संतापून. एका चांदणीतून निघालेली रेघ दुसरीच्या खालून जाते, तिसरीतून वर येते, कुठे तुटतच नाही. आणि त्या भिंतीसमोर आपण अडतीस वर्षं पाणी भरतोय. "हे आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल.

आता चौघांनी तक्ता उचलून भिंतीशी उभा केला. एकाने ओल्या फडक्याने धूळ पुसली. "तबारकल्ला," सगळे एका आवाजात म्हणाले. अल्लालने तक्त्याकडे तोंडही वळवलं नाही. हनियाच्या चपलांचा आवाज जिथे थांबला होता, तिकडे तो बघत राहिला.

ती नजरेने रेघ धरून निघाली. मधल्या मोठ्या चांदणीतून बाहेर, वळसा घेऊन खाली, खालून दुसऱ्या ओळीत. तिथे ती थांबली. उजवीकडून चौथ्या चांदणीच्या दोन पाकळ्या हिरव्या होत्या. काळ्या हव्या होत्या. हिरवा गडद होता, जाणाऱ्यायेणाऱ्याला कळलाही नसता. तिने माणसांकडे बघितलं. सी तिजानी स्वतःची नखं तपासत होते. म्हणजे त्यांना दिसलं होतं. आपण हे शिकलो नसतो तर फार बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"बोल," अल्लाल म्हणाला.

लल्ला हनिया उन्हातून आल्यात, आधी चहा घेऊ दे, असं सी तिजानी मधेच म्हणाले. अल्लालने हात वर करून त्यांना थांबवलं.

"खालून दुसरी ओळ," हनिया म्हणाली. "उजवीकडून चौथी चांदणी. दोन पाकळ्या काळ्याच्या हिरव्या झाल्यात."

अल्लाल भिंतीपासून एक पाऊल पुढे आला.

"दोनच?"

"दोनच."

अल्लालने मान डोलावली. कुठला ढीग कधी सरकला असेल याचा त्याने क्षणभर विचार केलेला दिसला, मग तोही सोडून दिला. दोन तुकडे तासाभरात बदलता येतील, एवढ्यातेवढ्याला काय, सी तिजानी घाईघाईने सांगू लागले. बदला, तो म्हणाला, पण पुढचा तक्ता दुसऱ्या कुणाला द्या. त्याने कमरेचा फडका सोडला, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिला. सी तिजानींना तो घ्यावा लागला.

दाराच्या चौकटीला हात लागल्यावर अल्लाल थांबला.

"आणि बाकीचं?" त्याने विचारलं.

हनियाने पुन्हा वरपासून बघायला सुरुवात केली. बाकी रेघ कुठेच तुटत नव्हती. माणसं ताटकळली. कुणीतरी खाकरलं.

"बाकीचं सांगायला वेळ लागेल," ती म्हणाली. "बसा."