वजाची काठी

आमच्या मैदानाच्या गुणफलकाला वजाचं चिन्हच नव्हतं; कधी लागलंच नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी दुसऱ्या क्लबशी करार असलेला स्ट्रायकर गुपचूप खेळवला. ते उघड झालं, जिंकलेला करंडक परत गेला आणि यंदा सुरुवातच उणे नऊ गुणांवर. मी मैदानाचा माळी. कॉर्नरच्या झेंड्याची मोडकी काठी कापून नऊच्या आकड्याआधी ठोकली. कप्तान भडकला, "चूक साहेबांची, शिक्षा आम्हाला का, काका?" "त्या स्ट्रायकरच्या गोलांवर आपणही नाचलो होतो ना?" मी विचारलं. एका विजयाला तीन गुण; दोन सामने कसेबसे जिंकलो. आज तिसरा, तोही शेवटच्या मिनिटाला! शिडीवर चढलो, काठी उपटली, शून्य टांगलं. शून्यासाठी एवढा जल्लोष कुणी केला नसेल! घामाघूम कप्तानानं खालून हात पसरले. "काका, काठी मला द्या." "कशाला रे?" "कपाटातली करंडकाची जागा अजून रिकामीच आहे ना? तिथेच ठेवतो!"