गाडी का ओढत नाही

गाडी पुन्हा बंद पडली. तीही पुलाच्या चढावर, ऐन मध्यावर. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना.

“घाई नको, बाई,” मास्तर म्हणाले. “हँडब्रेक ओढा. क्लच दाबा. पुन्हा चालू करा. नजर समोर, खाली बघायचं नाही.”

बाईंनी सांगितलं तसं केलं. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दुसऱ्याच्या सूचना पाळायची सवय अशी नव्हतीच, पण निमूट पाळत होत्या. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली, हातभर सरकली आणि गप्प झाली.

मास्तरांनी कपाळ पुसलं. हे काय चाललंय, त्यांना उमगत नव्हतं. मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांची उमर गेली होती. स्टिअरिंगला हात लावायला घाबरणारी माणसं त्यांनी गाडीत बसवली आणि चालक करून उतरवली. तिथली गाडी मालकाची. ती कोणीही, कशीही दामटली तरी पळायची. एकदा एका गृहस्थांनी ती सरळ भिंतीत घातली, तर मास्तर म्हणाले होते, “उत्तम. आता रिव्हर्स शिकू.”

ही गाडी मात्र त्यांची स्वतःची. पारखून घेतलेली, टपावर स्वतःच्या क्लासची पाटी लावलेली. आणि हिला काय झालं होतं, देव जाणे. पहिला विद्यार्थी मध्येच सोडून गेला. “तुमची गाडी ओढत नाही,” म्हणाला. त्याच्यानंतर आलेली मुलगीही तेच म्हणाली. मास्तरांनी गाडी मेकॅनिककडे नेली. तो एकटाच चक्कर मारून आला आणि किल्ली परत देत म्हणाला, “लोण्यासारखी पळते. ब्रेक तेवढे झिजलेत. शिकाऊंचे पाय, दुसरं काय.” मास्तर स्वतः चालवत तेव्हाही ती सुतासारखी सरळ. शिकाऊ माणूस चालवायला बसला रे बसला, की चिखलातल्या म्हशीसारखी हटून बसायची.

“भीती वाटते का हो तुम्हाला?” बायकोने एकदा जेवता जेवता विचारलं होतं.

“मला? कसली?” मास्तर म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. छातीत धडधड नाही, झोप उडालेली नाही. दोष गाडीत होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने नोकरी सोडतानाच त्यांना सांगितलं होतं, वाटेल तेव्हा परत या. आजही गाडी बसली तर त्याला फोन करायचा, असं मास्तरांनी सकाळीच मनाशी ठरवलं होतं.

टेम्पोवाला शेवटी कंटाळून बाजूने निघून गेला. जाताना काहीतरी बोलला, ते दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

“मास्तर, हा ब्रेक आपोआप खाली जातो का?” बाईंनी विचारलं.

“खाली बघू नका म्हटलं ना.”

“बघितलं खरं. माझा पाय त्याच्यावर नाही. तरी तो दबलेलाच आहे.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. सापडला एकदाचा दोष. “अडकत असेल,” ते म्हणाले. “मी सांगून दमलो त्या मेकॅनिकला.”

बाई वाकून बघतच होत्या. “तुमच्याकडेही ब्रेक आहे ना? तो याला जोडलेला आहे?”

“हो तर. शिकवायची गाडी ना ही. मी माझ्याकडचा दाबला की तुमचाही दबतो. पण मी कशाला...”

मास्तरांनी खाली पाहिलं.

त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. पोटरी दगडासारखी ताठ झालेली. पाय तिथे कधी गेला, त्यांना आठवेना. आज गेला की रोजच जात होता, तेही सांगता येईना. त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला. निघेना. शेवटी दोन्ही हातांनी मांडी धरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

बाईंनी गाडी चालू केली. क्लच हळूच सोडला, हँडब्रेक खाली केला. गाडी चढ चढू लागली, अगदी सहज, आणि मास्तरांच्या छातीत इतके दिवस न झालेली धडधड सुरू झाली. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“भीती वाटली तर सांगा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मी हळू घेईन.”