पायरीवरचा सोनचाफा

"तुझे अप्पा हो म्हणाले की करू ऑपरेशन," असं म्हणून श्रीरंगची आई दर खेपेला मोतीबिंदूचा विषय मिटवायची. अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण देवापुढचा दिवा फडफडला तरी ते काही सांगताहेत असं तिला वाटे. शेवटी श्रीरंग कंटाळला. त्याने परस्पर गुरुवारची तारीख घेतली आणि त्या गुरुवारी सकाळी पायरीवर पानात बांधलेली सोनचाफ्याची दोन फुलं ठेवून दिली. अप्पा दर गुरुवारी दत्ताच्या देवळातून येताना तिच्यासाठी तीच आणत.

आईने वासावरूनच ओळखलं. फुलं ओंजळीत धरून ती म्हणाली, "आले होते रे. चल, आता भीती नाही."

ऑपरेशन छान झालं. पुढच्या गुरुवारी श्रीरंग उठला, तर आई आधीच पायरीवर येऊन बसलेली. काळा चष्मा कपाळावर सरकवून ती रस्त्याकडे बघत होती.

"आता नीट दिसतंय. या वेळी चुकायचे नाहीत," ती म्हणाली.

चहा निवला, ऊन पायरीवर आलं, तरी ती उठेना. श्रीरंगला तिच्याकडे बघवेना.

"आई, ती फुलं मी ठेवली होती."

तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ऑपरेशनला आत मी एकटीच होते."

"मी होतो की बाहेर," हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. तिला आत नेल्यावर तो ऑफिसला निघून गेला होता.