वीस इंच

"चोवीस इंची नळी घेतली तर गोळीला वेग जास्त मिळतो," काउंटरमागचा दाढीवाला इंग्रजीत म्हणाला. "पण दाट झाडीत अडकते. तुमचा मुलगा शिकारीला जातो कुठे?"

"तेच तर माहीत नाही," सुवर्णा म्हणाली.

पाचव्या गुरुवारीही तिचं उत्तर तेच होतं.

ईडन प्रेरीतल्या घरून चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून ती बंदुकांच्या या दुकानात यायची. भिंतीवर हरणांची पेंढा भरलेली मुंडकी होती. त्यातलं एक, किंचित तिरक्या शिंगांचं, तिच्या गेलेल्या नवऱ्यासारखं बघायचं, म्हणजे सगळं ऐकून घेऊन काही न बोलता. पहिल्या गुरुवारी ती पंजाबी ड्रेसवर जाड जॅकेट चढवून दारात उभी राहिली, तेव्हा मालकाने, वॉल्टरने, तिला प्रेमाने सांगितलं होतं, "योगाचा क्लास पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, मॅडम."

"मला रायफल बघायचीय," ती म्हणाली होती. जन्मात अंडं न फोडलेली बाई!

दाढीवाल्याच्या छातीवर 'निक' अशी पट्टी होती. टोपी कपाळावर ओढून तो त्या दिवशी तिच्याकडे न बघताच बोलला. मुलाला प्रेझेंट द्यायचीय म्हटल्यावर एकच रायफल किती तरी वेळ पुसत बसला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, उत्तरं द्यावीच लागली. दुसऱ्या गुरुवारी त्याने न सांगता स्टूल पुढे सरकवलं.

तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा. घरी बोलायला मायक्रोवेव्ह होता, तोही तीनदा वाजून गप्प बसायचा. मग ती नळ्यांबद्दल वाचायची आणि वहीत प्रश्न लिहून ठेवायची. सगळे एकदम विचारायचे नाहीत, लोणच्यासारखे पुरवून पुरवून वापरायचे.

आज मात्र वॉल्टरने तिला दारातच गाठलं होतं. "मॅडम, परवा शिकारीचा सीझन उघडतोय. आज काय ते ठरवा, नाहीतर निकला बाकीची गिऱ्हाइकं बघू द्या."

ठरवायचं म्हणजे संपवायचं. एकदा खोका गाडीत गेला की पुढच्या गुरुवारी कुठल्या तोंडाने यायचं?

"ही लावून बघा," निकने चोवीस इंची तिच्या हातात दिली. "डाव्या खांद्याला."

सुवर्णाचा उजवा खांदा पाच वर्षं वर जात नव्हता. तिने डाव्याला लावली. नळीचं टोक हळूहळू खाली झुकलं.

"लांब नळीचं वजन सगळं पुढे जातं," तो म्हणाला. "वाऱ्यात तासभर बसल्यावर कळतं. त्याला एकदा विचारून का नाही बघत?"

"फोन उचलत नाही."

निकने फडकं घेतलं. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसलं. "काही झालं होतं?"

सुवर्णाने रायफल काउंटरवर ठेवली. हा प्रश्न वहीत नव्हता.

"तीन वर्षांपूर्वी त्याने पहिलं हरीण मारलं. पाठीचं मांस कागदात नीट गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबांचं वर्षश्राद्ध. फ्रीजमध्ये खिरीचं दूध आणि त्याच्याशेजारी याने तो पुडा ठेवला. मी तो त्याच्यासमोर कचऱ्यात टाकला. फ्रीज दोनदा धुतला. वर गंगाजल शिंपडलं. तो किल्ल्या हातात धरून बघत उभा होता. भांडलासुद्धा नाही. निघून गेला."

निकने फडकं काउंटरच्या कडेला ठेवलं. पलीकडे वॉल्टर कुणाला तरी नारिंगी जॅकेट विकत होता.

"पाठीचं मांस सगळ्यात मऊ असतं," शेवटी तो म्हणाला. "आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या शिकारीतलं ते कुणी स्वतःला ठेवत नाही. आपल्या माणसाला नेऊन देतात."

"आणि ते माणूस खात नसेल तर?"

"तरी नेतात. खात नाही हे माहीत असतं ना. खा म्हणून नेतच नाहीत. बघ म्हणून नेतात."

सुवर्णाने पर्समधला टिश्यू शोधला. तो सापडायला वेळ लागला, ते बरंच झालं.

"मला तेव्हा कळलं नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं. आता हे सांगायचं तरी कुणाला?"

निकने चोवीस इंची उचलून मांडणीवर ठेवली आणि खालची आखूड रायफल काढली.

"वीस इंची. बहुतेक तो उत्तरेला जात असेल. तळ्याकाठी, दाट झाडीत. तिथे हरीण दिसतं तेच मुळी पन्नास-साठ पावलांवर. लांब नळीचं तिथे काही काम नाही."

"एकटाच जातो?"

"एक मित्र असतो सोबत."

"आणि खायचं?"

"थर्मासमध्ये गरम काहीतरी."

"कानटोपी घालतो?"

"घालतो," निक म्हणाला. मग म्हणाला, "घालत असेल."

सुवर्णाने मान हलवली. वहीतले प्रश्न संपले होते. नसते संपले तरी वॉल्टर घड्याळाकडे बघत होता. तिने क्रेडिट कार्ड काढून काचेवर ठेवलं.

"वीस इंची द्या."

वॉल्टरने लांबूनच खुशीत अंगठा उंचावला. निकने सरकारी फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला आणि वर पेन. तिने चष्मा लावला. नावाच्या रकान्याशी हात जरा थांबला. पुढचा गुरुवार एकदम मोठा, मोकळा आणि थंड दिसायला लागला. तिरक्या शिंगांचं हरीण नेहमीप्रमाणे काहीच बोललं नाही.

तिने पेनचं टोपण उघडलं.

निकने तिच्या हाताखालून फॉर्म ओढून घेतला. त्याची घडी केली. पाच गुरुवारांत पहिल्यांदाच डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"घेऊ नकोस," तो मराठीत म्हणाला. "वीस इंची माझ्याकडे आहे, आई."