साध्या कपड्यांतले पोलीस

"वर्दी नको हो. पोलीस दिसले तर सुमेध जिवाचं बरंवाईट करून घेईल," सरोजिनीताईंनी फोनवर मुलासाठी विनवलं होतं.

पोलीस आणि समुपदेशकांच्या नव्या संयुक्त पथकाने प्रशिक्षणात शिकवलेली गुप्तता काटेकोर पाळली. गाडी आगाशीच्या बाजारातच ठेवून हवालदार साध्या शर्टात, समुपदेशक उन्नतीसोबत चालत आला.

सुमेधच्या बंद खोलीबाहेर उन्नती हळू आवाजात म्हणाली, "मला ताई समज. आपलं बोलणं आपल्यातच. बाहेर कुणाला काही कळलेलं नाही."

हवालदारानेही ठामपणे मान डोलावली. आतली कडी सरकू लागली.

 

तेवढ्यात खिडकीखालून केळीवाला मदतीच्या सुरात ओरडला, "ओ हवालदारसाहेब, मघाशी बाजारात सगळ्यांना विचारत होतात ना, ते वेड्याचं घर हेच!"